पोटातली आई

फ्रान्सच्या डोंगराळ लिमूझँकडच्या खेड्यांत बायका पोटातल्या गर्भपिशवीला 'आई' म्हणत. हे नाव कोणी ठेवलं आणि का ठेवलं, याची चौकशी करायला तिकडे कोणाला सवड नव्हती. बाळंतीण लवकर उठली, जड ओझं उचललं, मनाने धसका घेतला, की आई जागची हलते. वर चढते, छातीत गोळा होऊन बसते, घशाशी येऊन श्वास कोंडते. मग गावातली जाणती बाई येते आणि कोंबडीची पिसं जाळून नाकाशी धरते. त्या घाणीला कंटाळून आई खाली पळते आणि जाणती बाई गरम हाताने ओटीपोट दाबून तिला जागेवर बसवते. आई बसली की दुखणेकरी उठते आणि गोठ्यात जाते. एवढंच ते दुखणं. पॅरिसात त्याचं नाव हिस्टेरिया होतं आणि त्याच्यासाठी मोठं इस्पितळ बांधलेलं होतं.

लेओनार्द त्या इस्पितळात आली ती दुधापायी. पोर पोटात असतानाच तिचा नवरा पॅरिसात परांचीवरून पडून मेला होता. तिकडचे निम्मे पुरुष पॅरिसात गवंडीकाम करत आणि त्यातले काही असेच परत येत नसत. मुलगी झाली, वालेरी तिचं नाव. ती अजून मान धरत नव्हती, तेव्हाच लेओनार्दने तिला आपल्या आईच्या, म्हणजे गावच्या जाणत्या बाईच्या, कातिसूच्या, ओटीत टाकलं आणि पॅरिसची वाट धरली. श्रीमंत घरांना दूध पाजणारी दाई हवी असे आणि डोंगरातल्या बायकांच्या दुधाला चांगला भाव होता. स्वतःचं लेकरू शेळीच्या दुधावर आणि परक्याचं आपल्या अंगावर. यात कोणाला काही वावगं वाटत नसे. मला वाटतं, पण मला कोण विचारतो!

कापडाच्या व्यापाऱ्याच्या त्या घरात तिला रोज मांस मिळे, बिअर मिळे, फितीची टोपी मिळे. आणि तिथेच तिची आई वर यायला लागली. बाळंतपणातून लवकर उठली होती ना! एकदा पाजता पाजताच श्वास कोंडला, हातपाय आखडले, बाळ मांडीवरून घरंगळलं. बाळाला खरचटलंसुद्धा नाही, पण मालकीणबाई किंचाळल्या, "झटकेवालीचं दूध! विष पाजलं माझ्या लेकराला!" संध्याकाळच्या आत लेओनार्द इस्पितळाच्या दारात होती.

तिला तपासायला जो शिकाऊ डॉक्टर आला त्याचं नाव मायफेर. पोरगा मनाने वाईट नव्हता.

"काय होतं तुला?"

"आई वर येती, साहेब. गळा धरती."

मायफेरने मान वर केली. "आई? मारते का तुला?"

"मारंल कशाला? वर येती नि कोंडती. मग हातपाय वाकडं हुत्यात."

"कधीपासून?"

"पोरगी झाली तवापासनं. लौकर उठले ना मी. तवापासनं आई जाग्यावर न्हाई."

"आणि आत्ता कुठे आहे तुझी आई?"

लेओनार्दला हसू आलं. शिकलेली माणसं काय एकेक प्रश्न विचारतात! तिने ओटीपोटावर हात ठेवला. "कुटं असणार? हितं. आत्ता गप बसलीया."

मायफेर पॅरिसात जन्मला, पॅरिसात शिकला. त्याच्या आजोबांच्या काळी शहरातले डॉक्टरसुद्धा हा शब्द वापरत, पण त्याच्या पुस्तकांतून तो कधीच गेला होता. त्याने सरळ अर्थ लावला. या बाईला भ्रम आहे की तिची आई तिच्या पोटात राहते. तो धावतच मोठ्या डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर सोर्बिए आले. रुंद कपाळ, मऊ आवाज, हात नेहमी गरम. बायकांशी ते इतक्या मायेने बोलत की निम्मा वॉर्ड त्यांच्यासाठी झटके आणायला तयार असे.

"पोरी, तुझी आई जिवंत आहे ना?"

"हाय की. एक तिकडं गावाला हाय." मग ओटीवर हात. "नि ही एक."

"दोन आया," डॉक्टर सोर्बिए हळूच म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळला की जणू घबाडच मिळालं.

शेजारच्या खाटेवरची ओर्तांस पोट धरून हसली. ही पॅरिसची, टोप्या शिवणारी, वॉर्डातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात गाजलेली पेशंट. "दोन-दोन आया! आम्हाला एकसुद्धा धड मिळाली नाही, आणि ही बघा श्रीमंतीण!" पण डॉक्टरांची पाठ वळल्यावर ती खालच्या आवाजात म्हणाली, "वेडे, इथे आई-बिई म्हणू नकोस. इथे 'गोळा' म्हणतात. घशात गोळा येतो म्हणावं."

दुसऱ्या दिवशी लेओनार्दने मोठ्या इमानाने सांगितलं, "साहेब, गोळा येतो." मायफेरने विचारलं, "म्हणजे आई आता गोळ्याचं रूप घेते?" तिने जरा विचार केला. खोटं कशाला बोला? "व्हय," ती म्हणाली, "गोळा म्हंजे आईच की ती." झालं. तिचा खरेपणाच तिच्या मुळावर आला.

मग उपचार सुरू झाले. डावा हात बधिर आहे का पाहायला सुया टोचल्या. तिच्या हाताला काम करून घट्टे पडलेले, तिला सुईचं काय! बधिर आहे, असं ठरलं. बधिरपणा उतरतो का पाहायला दंडावर सोन्याची नाणी ठेवली, मग तांबं, मग लोहचुंबक. गार पाण्याचे फवारे मारले. पाठीवर बोथट काडीने अक्षरं ओढली, ती लाल होऊन उठली की शिकाऊ पोरं वाकून वाचत. सगळ्यांत वाईट तो चामड्याचा पट्टा. त्याला पुढे गोटा आणि गोट्याला स्क्रू. झटका आला की तो ओटीपोटावर आवळत आणि स्क्रू पिळत, झटका थांबेपर्यंत.

डॉक्टर सोर्बिए विद्यार्थ्यांना हसत हसत सांगत, की पूर्वीच्या वैद्यांना वाटे, गर्भपिशवी भुकेल्या जनावरासारखी अंगभर हिंडते. म्हणून ते वरून घाण वास देत आणि खालून सुवास. केवढं अज्ञान! आजार मज्जातंतूंत असतो, सद्गृहस्थहो. आणि हे सांगता सांगता ते लेओनार्दच्या नाकाशी उग्र वासाचा ईथरचा बोळा धरत आणि ओटीपोट दाबत. लेओनार्दला त्यात काही नवल वाटलं नाही. तिच्या मते डॉक्टर गावच्या जाणत्या बाईचंच काम करत होते, फक्त हात वाईट होता.

तिला एकच कळून घ्यायचं होतं. ती ज्याला त्याला विचारी, "मला घरी कवा सोडणार? माझी पोरगी हाय." वालेरीला दात आले असतील, ती बसायला लागली असेल, कातिसूलाच 'आई' म्हणत असेल. दूध आटलं तेव्हा लेओनार्द रात्रभर रडली.

"तुझी आई यायची थांबली," डॉक्टर सोर्बिए तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणत, "की त्याच दिवशी तुला घरी पाठवतो. शब्द देतो."

तो शब्द त्यांना खरोखरच पाळायचा होता. म्हणून तर त्यांनी पुढचं सगळं केलं.

आठवड्यातून एकदा मोठ्या दालनात त्यांचं व्याख्यान असे. विद्यार्थी, परगावचे डॉक्टर, नाटकातल्या नट्या, वर्तमानपत्रवाले. टोप्या काढून मांडीवर घेतलेल्या त्या गर्दीसमोर लेओनार्दला खुर्चीत बसवलं. तिच्या डोळ्यांसमोर चकचकीत धातूचा तुकडा धरला. मागे कोणीतरी घंटा वाजवली. ती झोपली, आणि जागीही होती. ते कसं असतं हे ओर्तांसलाच विचारावं, तिला दोन्हीतला फरक उरला नव्हता.

"लेओनार्द, कुठे आहेस तू?"

"हितंच."

"नाही. तू गावच्या दफनभूमीत आहेस. समोर खड्डा आहे. पेटीत कोण आहे? बघ, ओळख."

ती बघत राहिली.

"तुझी आई आहे, पोरी. ती मेली. तिला शांतपणे जाऊ दे. माती घाल."

लेओनार्द गुडघ्यांवर बसली. लाकडी फरशीवरून तिने मूठ भरली, तीत काही नव्हतं, आणि ती मूठ खड्ड्यावर सोडली, तिथेही काही नव्हतं. मग तिने जो हंबरडा फोडला तो ऐकून पुढच्या रांगेतल्या एका नटीने रुमाल काढला. आणि सावध माणूस म्हणून डॉक्टर सोर्बिएंनी शेवटी एक कडी घातली.

"ती आता परत येणार नाही. कोणत्याही रूपात आली, मी तुझी आई म्हणाली, तरी तिला ओळखायचं नाही. तू म्हणायचं, माझी आई मेली."

"माझी आई मेली," लेओनार्द म्हणाली.

टाळ्या पडल्या.

आणि खोटं कशाला बोला, झटके थांबले. लेओनार्दने टोपीची फीत काढून काळी चिंधी बांधली. जेवण बेताचं करी, खिडकीशी बसे. ओर्तांसने पहिल्या दिवशी थट्टेवारी नेलं, "अगं, डॉक्टरांचा खेळ तो. मला त्यांनी एकदा कोंबडी केलं होतं, मी अंडं दिलं का?" पण लेओनार्दने तिच्याकडे असं पाहिलं की ओर्तांसची जीभ आत गेली. आई मेली यापेक्षा तिला दुसरीच काळजी खात होती. आई गेली तर वालेरीला कोण बघतं? शेळी कोण पिळतं? ती मायफेरला विचारी, "साहेब, माझी पोर कुणाकडं दिली?" मायफेर म्हणे, "सगळं ठीक आहे." या प्रश्नाचा आणि त्या मातीचा संबंध काय, हे त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं.

कातिसू आली ती हिवाळा सरता सरता, एका रविवारी. गावचा एक गवंडी थंडीत घरी आला होता, त्याने बातमी दिली होती की तुझी लेक वेड्यांच्या इस्पितळात आहे. डोंगरातली ती म्हातारी, लाकडी बूट, लेसची टोपी, कमरेला सोललेल्या चेस्टनटची पुरचुंडी. आयुष्यात पहिल्यांदा ती आगगाडीत बसली होती. वालेरीला तिने भावजयीकडे ठेवलं होतं.

फाटकावर मायफेर होता. तिची बोली त्याला अर्धीच समजत होती, पण एक शब्द समजला.

"कोण म्हणालात?"

"आई. लेओनार्दची आई."

तो जागच्या जागी थिजला. बिचाऱ्याला एका क्षणात सगळं उमगलं असं मी म्हणणार नाही. पण काहीतरी भयंकर झालंय एवढं त्याला कळलं. त्याने म्हातारीचा दंड धरला आणि तिला स्वतः वॉर्डात नेलं.

लेओनार्द खिडकीशी होती. तिने टोपी पाहिली, बूट पाहिले, गावाकडची बोली ऐकली आणि तिचे डोळे भरून आले. ती धडपडत उठली. कातिसूने हात पसरले.

"बाई," लेओनार्द म्हणाली, "तुमी आमच्या मुलखातल्या दिसता. माझ्या आईला कुटं पुरलं, ठावं हाय का तुमास्नी?"

कातिसूचे हात तसेच राहिले. "अगं पोरी, ही मी. मी आई."

"माझी आई मेली."

"कोन म्हनतं?"

"डाक्टर म्हनले. माती म्या घातली."

"सटवे, डोळं फुटलं का तुजं? मी जित्ती हाय! हात लावून बघ!" कातिसूने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. लेओनार्दने मान मागे घेतली, श्वास ओढला, आणि तो अडकला. इतक्या दिवसांनी पुन्हा हातपाय आखडले. मदतनीस बायका पट्टा घेऊन धावल्या. कातिसू ओरडत होती, "सोडा तिला, आई वर आलीया तिची, म्या बसवते!" तिला दोघींनी मिळून बाहेर काढलं. जिने लिमूझँभर बायकांच्या आया जागेवर बसवल्या, तिला स्वतःच्या लेकीच्या पोटाला हात लावू दिला नाही.

सोमवारच्या फेरीला डॉक्टर सोर्बिए आले तेव्हा कातिसू खाटेच्या पायथ्याशी उभी होती. मायफेरने तिला दालनातला सगळा प्रकार सांगून आत घेतलं होतं आणि तो मान खाली घालून उभा होता. लेओनार्द पडल्या पडल्या ऐकत होती. कोण बिचारी म्हातारी, डॉक्टरांशी भांडते आहे, असं तिला वाटत होतं.

"मारलं तुमीच न्हवं?" कातिसू म्हणत होती. "मग जसं मारलं तसं जित्तं करा. शब्दानं मारलं, शब्दानं उठवा."

"बाई, तुमचं दुःख मला समजतं," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांना ते समजत होतं. "पण आई परत आणली की आजार परत येईल. काल तुम्ही पाहिलंत ना?"

"मग ती बरी हाय म्हना. बरी हाय तर घरी द्या."

"कोणाच्या हाती देऊ? ती तुम्हाला ओळखत नाही. जी स्वतःच्या आईला ओळखत नाही ती बरी कशी म्हणायची?"

कातिसूने मायफेरकडे पाहिलं. त्याने पाहिलं नाही.

"म्हंजे वळखलं तर आजारी," ती सावकाश म्हणाली, "नि न्हाई वळखलं तरी आजारी."

"तिने स्वतःच्या तोंडाने सांगावं, ही माझ्या नात्याची बाई आहे," डॉक्टर सोर्बिए म्हणाले, "त्याच क्षणी मी सही करतो." आणि फेरी पुढे गेली.

युक्ती सुचली ती ओर्तांसला. तिने कातिसूला बोळात नेऊन सांगितलं, "अहो आजी, आई कशाला होता? आई मेलीय तिची. मावशी व्हा! नात्याची म्हणजे नात्याची. मावशीलाही देतातच की."

माय मरो पण मावशी जगो, असं आपण सहज म्हणून जातो. कातिसूने ते खरं करून दाखवलं. ती खाटेशी बसली, चेस्टनटची पुरचुंडी सोडली आणि डोळ्यांत पाण्याचा टिपूस न आणता म्हणाली, "पोरी, काल माजं चुकलं. मी तुजी मावशी. तुज्या आईची भन. लई सारखी दिसतो आमी, म्हनून तसं तोंडातनं गेलं."

लेओनार्दने तिला निरखलं. "आईनं कवा सांगितलं न्हाई."

"भांडान हुतं आमचं. आता ती गेली, कसलं भांडान."

"वालेरी?"

"माज्याजवळ हाय. धरून धरून चालती. पुढचं दात आल्यात. चावती मेली."

लेओनार्द हसली. इतक्या महिन्यांनी ती पहिल्यांदा हसली, आणि तिने चेस्टनट तोंडात टाकला. "आई शेवटाला काय म्हनली?" तिने विचारलं.

कातिसूला स्वतःचं मरण सांगावं लागलं. आजार सांगितला, पाद्री आला होता हे सांगितलं, थंडीत खड्डा खणायला त्रास झाला हे सांगितलं. "तुजं नाव घेतलं," ती म्हणाली. "म्हनली, लेओनार्दला घरी आन." ऐकता ऐकता लेओनार्दने डोकं तिच्या खांद्यावर टाकलं. कातिसूने तिला थोपटलं, परकीने थोपटावं तसं, जपून, की ओळख पटू नये.

ऑफिसात डॉक्टर सोर्बिए स्वतः आले होते. शब्दाचा माणूस. लेओनार्द प्रवासाचं गाठोडं घेऊन उभी होती, एका हाताने तिने कातिसूच्या शालीचं टोक धरलं होतं.

"लेओनार्द, ही बाई कोण?"

"मावशी."

डॉक्टरांनी लेखणी उचलली. कारकून म्हणाला, "साहेब, गेटवर यांनी आई म्हणून सांगितलंय. कोण ते एकदा ठरू दे. खोटं नाव लिहून पेशंट बाहेर सोडला तर माझी नोकरी जाईल." आणि तो कातिसूकडे वळला. "शपथेवर सांगा, आजी. समोर क्रूस आहे. तुम्ही हिच्या कोण?"

कातिसूने क्रूसाकडे पाहिलं. डॉक्टरांशी खोटं, लेकीशी खोटं, तिने सगळं निभावलं होतं. पण तिच्या गावात क्रूसासमोर खोटं बोललं की ते पोराबाळांना भोगावं लागे, आणि घरी वालेरी होती. कारकुनाने पुन्हा विचारलं.

"आई," कातिसू म्हणाली.

शालीवरचा हात सुटला. लेओनार्दने गाठोडं छातीशी धरलं आणि दोन पावलं मागे सरकली.

"मेलेल्या मानसाचं नाव घेतीस?" ती म्हणाली. "तिच्या मरनाचं सांगून माजा हात धरलास? कोन हायेस तू? माजी पोर कुटं लपवलीस?"

"लेओनार्द..."

"साहेब, हिला परत आत सोडू नका."

डॉक्टर सोर्बिएंनी लेखणी खाली ठेवली. त्यांना वाईट वाटलं, हे मी त्यांच्या बाजूने सांगून टाकतो. मायफेर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मदतनीस बाई पुढे झाली, पण लेओनार्दला धरायची गरज पडली नाही. ती आपणच लांबच लांब बोळातून वॉर्डाकडे चालू लागली.

मागून कातिसूने हाक मारली. मग पुन्हा मारली, लेकीच्या लहानपणी गुरं घेऊन परत ये म्हणून डोंगरावर मारायची तशी, लांब ओढून. आवाज हुबेहूब आईचा होता. लेओनार्दचं सगळं अंग त्या हाकेकडे ओढलं गेलं. पण ती वळली नाही. मेलेल्या माणसाने हाक मारली तर ओ देऊ नये, तो आपल्याला घेऊन जातो, हे तिला कातिसूनेच शिकवलं होतं.